शून्य आणि आठ

डिसेंबरातल्या एका रात्रीचा कागद आहे. विदर्भातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात, खाटेच्या पायथ्याला अडकवलेला. ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन, लघवी आणि शेवटी एक अरुंद रकाना, ‘वेदना’. संध्याकाळची ड्यूटी उतरत होती, रात्रीची चढत होती. आठ वाजता त्या रकान्यात एका सिस्टरनं 0 लिहिलं. आठ वाजून दहा मिनिटांनी दुसरीनं 8 लिहिलं. मधल्या दहा मिनिटांत कुठलं औषध गेलं नव्हतं, सलाईन बदललं नव्हतं, मुलानं कूससुद्धा बदलली नव्हती. निळ्या शाईचं शून्य आणि त्याखाली काळ्या शाईतला आठ. ड्यूटी बदलण्याच्या गडबडीत त्याबद्दल कोणी कोणाला काही विचारलं नाही. पण तो कागद डोक्यातून जात नाही.

मुलगा सात वर्षांचा, वजन 18 किलो, सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून शिरांत अडकतात तो जन्मजात आजार, एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाप दोघांकडूनही आलेला. दुपारी पाय आणि कंबर दुखते म्हणून आलेला. शून्य लिहिणारी सिस्टर कामचुकार नव्हती, हे आधी सांगायला हवं. तिनं जे पाहिलं तेच लिहिलं. आईच्या मोबाइलवर कार्टून चालू, नाडी 104, ताप नाही, डोळ्यांत पाणी नाही. ‘दुखते का रे बाबू?’ असं विचारल्यावर त्यानं स्क्रीनवरची नजर न काढता मान हलवली. पुस्तकात शोभेल असं शून्य. दुसरी सिस्टर खाटेजवळ आली तेव्हा स्क्रीनवर जाहिरात लागली होती, लांबलचक, आणि पोरगं ती तितक्याच टक लावून बघत होतं. जाहिरात पुढे ढकलायला बोट उचलत नाही असं सात वर्षांचं मूल कुठे असतं? तिनं पांघरूण सारखं करायला हात लावला तर त्यानं श्वास रोखून धरला. पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे नुसते ठेवलेले. ती खाटेच्या कडेला बसली आणि आईकडे वळली. आई म्हणाली, ‘रडत नाही म्हून दुखत नाही असं नाही नं, सिस्टर. लय झालं तं हा गप होते.’

लय झालं तं हा गप होते.

दुखणं मोजायच्या ज्या पट्ट्या वॉर्डात असतात त्यांतल्या बऱ्याच पट्ट्यांच्या मुळाशी रडणं आहे. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी फ्लॅक नावाची पट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत निघते की नाही, या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2, मिळून दहा. ऑपरेशनच्या टेबलावरून नुकतंच आलेलं मूल ही पट्टी बरोबर पकडते. पण वर्षाचा असल्यापासून ज्याची हाडं दुखतात त्या मुलाला रडून काही हाती लागत नाही हे कधीच कळलेलं असतं. रडलं की बरगड्या हलतात, बरगड्या हलल्या की आणखी दुखतं. म्हणून ते चेहरा पुसून टाकतं, पाय हलवत नाही, आणि पट्टी त्याला दहापैकी एक किंवा दोन देते. नाडी आणि रक्तदाबही साक्षीला उभे राहतीलच असं नाही. तासन् तास चाललेल्या दुखण्यात शरीर त्या दुखण्यालाच सरावतं आणि आकडे खाली येतात. मोबाइल बघणं, खेळणं, झोपणं हीदेखील दुखणं सोसायची साधनं आहेत. मोठ्या माणसाला गुडघा दुखताना रेडिओ लावलेला बरा वाटतो, तेव्हा त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही.

तीन वर्षांच्या पुढच्या मुलांना सहा चेहऱ्यांचा तक्ता दाखवतात, हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत. त्याचीही एक खोड आहे. शेवटच्या चेहऱ्यावर आसवं काढलेली असतात. ‘मी कुठे रडतोय?’ असा विचार करून मूल त्याच्या अलीकडच्या चेहऱ्यावर बोट ठेवतं, किंवा हसरा चेहरा छान दिसतो म्हणून त्यावर. म्हणून तक्ता दाखवताना एक वाक्य ठरवून म्हणावं लागतं : ‘याचं सगळ्यात जास्त दुखतं, रडू येवो की न येवो.’ आठ वर्षांवरच्या मुलांना थेट आकडा विचारता येतो, पण आपल्याकडे दहापैकी दहा म्हणजे शाबासकी. मास्तरांसमोर उभं असल्यासारखं मूल आकडा सांगतं. मधल्या वयाला सर्वांत चांगला उपाय चार चकत्यांचा. चार चकत्या म्हणजे दुखण्याचे चार तुकडे. तुझ्याकडे आत्ता किती तुकडे आहेत, दे बरं माझ्या हातात. चकत्या नसल्या तर चिंचोके चालतात. मुलं चिंचोके मोजायला लाजत नाहीत, आणि औषधानंतर अर्ध्या तासानं पुन्हा मागितले की चारातले दोन परत ठेवतात तेव्हा ते खरंच परत दिल्यासारखं तोंड करतात. अगदी लहान पोरं मात्र तोंडात घालतात, त्यांच्या बाबतीत हा खेळ नको.

आणि मराठीनं तर या कामासाठी केवढा साठा करून ठेवलाय! ठणका, कळ, शिळक, चमक, ठसठस, भगभग, चुरचुर, टोचणं, चावणं, फुटणं. ‘पेन आहे का’ असं विचारलं की होय किंवा नाही एवढंच उत्तर येतं. ‘ठणकतं की कळ येते?’ असं विचारलं की आजारच बोलायला लागतो. सिकलसेलमधलं हाड ठणकतं, रात्री फुटतं. पोटात येऊन जाणारी कळ वेगळी, तिथे पित्ताशयात खडा झालाय का हे बघायचं, कारण भराभर मोडणाऱ्या तांबड्या पेशींतून बनणाऱ्या पित्तरंगाचे खडे या मुलांना लहानपणीच होतात. हातावर सुईपाशी चुरचुरतंय म्हणजे सलाईन शिरेबाहेर चाललंय. वेदनाशामक रिकाम्या पोटी गेलं की छातीच्या खाली भगभग. आणि ‘श्वास घेतला की टोचते’ हे वाक्य कानावर पडलं तर हातातलं काम टाकून डॉक्टरांना बोलवायचं. पश्चिम आफ्रिकेतल्या काही भाषांत या आजाराची जुनी नावं कण्हल्यासारखी, तोच आवाज पुन्हा पुन्हा येणारी आहेत. वैद्यकाला हे नाव मिळालं ते 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन केलं, त्यावरून. पेशीचा आकार पाहून ठेवलेलं नाव आणि दुखण्याचा आवाज ऐकून ठेवलेलं नाव. खाटेजवळ दुसरं जास्त उपयोगी पडतं.

भारतात हा आजार पहिल्यांदा 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार इथल्या घराघरांना तो नावानिशी ठाऊक आहे. भारतातल्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं म्हणून आपल्याकडचा सिकलसेल सौम्य, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. नागपूरच्या वॉर्डांतली मुलं पाहिलेल्यांना ते कधी पटलं नाही. निरोगी तांबडी पेशी 120 दिवस जगते, यांची 10 ते 20. पहिले सहा महिने गर्भातलं हिमोग्लोबिन मुलाला सांभाळून घेतं, आणि ते ओसरलं की एके दिवशी हातापायांचे पंजे फुगतात. घरचे म्हणतात दृष्ट लागली, कोणी म्हणतं काही चावलं. ते पहिलं दुखणं. त्यानंतर थंडी, ताप, तहान, दमणूक, प्रत्येक गोष्ट पेशींना वाकवणारी. आश्रमशाळेत जानेवारीत पहाटे गार पाण्याची आंघोळ म्हणजे या मुलासाठी दवाखान्याची चिठ्ठीच. शिवाय यांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून पाणी टिकत नाही आणि रात्री अंथरूण ओलं होतं. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून संध्याकाळपासून पोराला पाणी देत नाहीत, नेमकं उलटं. वॉर्डात दाखल झालेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या खाटेवर मेणकापड न बोलता अंथरून ठेवावं, बाकीच्या पोरांसमोर विचारू नये.

आठ लिहिलेल्या सिस्टरनं पुढे काय केलं ते कागदावर आहे. दुखणं घेऊन आलेल्या सिकलसेलच्या मुलाला वेदनाशामकाचा पहिला डोस तासाभरात, जमलं तर अर्ध्या तासात मिळायला हवा, आणि मग दर अर्ध्या ते एक तासानं पुन्हा विचारायला हवं. पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे याला 270, सहा तासांनी. आयबुप्रोफेन किलोला 10, आठ तासांनी, खाल्ल्यावर, आणि पोरगं कोरडं पडलेलं असेल तर आधी पाणी, मग गोळी, नाहीतर मूत्रपिंडाला मार बसतो. चार-पाच वर्षांचं दुखणं अंगवळणी पडलेल्या मुलाला बऱ्याचदा एवढ्यानं भागत नाही. तिथे मॉर्फिन लागतं, शिरेतून किलोला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे याला 1.8. अ‍ॅम्प्यूल 10 मिलिग्रॅमची आहे की 15 ची हे दिव्याखाली धरून वाचायचं, कारण दोन्ही मिळतात आणि दोन्ही सारख्याच दिसतात. 10 ची असेल तर सलाईननं 10 मिलिलिटर करायचं, म्हणजे एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम, त्यातलं 1.8 पाच मिनिटांत सावकाश. उरलेलं साक्षीदारासमोर टाकायचं, रिकामी अ‍ॅम्प्यूल परत करायची, रजिस्टरवर दोन सह्या. मांसात सुई या मुलांना टाळलेलीच बरी. सुईचं दुखणं वेगळं, आणि औषध कधी किती चढेल याचा भरवसा नाही. पेथिडीन हे वेदनाशामकही नको, त्याचा अंश शरीरात साठून झटके येतात.

आता खरी अडचण. मॉर्फिन कुलपात असतं, आणि कुलपाची किल्ली जिच्याकडे असते ती सिस्टर तीन मजले खाली. अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 मध्ये बदल झाला, अत्यावश्यक औषध म्हणून मॉर्फिनचे परवाने सोपे झाले, तरी लहान रुग्णालयात ते मागवायलाच कोणी धजत नाही. आणि जिथे असतं तिथे मनात भीती असते. पोराला सवय लागली तर? श्वास थांबला तर? पहिली भीती मला फारशी पटत नाही. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या औषधानं मुलं व्यसनी होतात असा अनुभव कोणी सांगत नाही, पण न दिलेल्या औषधानं दवाखान्यावरचा विश्वास उडालेली पोरं पुष्कळ आहेत. दुसरी भीती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय घाबरणं हा नसून मोजणं हा आहे. डोस दिल्यावर पहिला तास दर दहा-पंधरा मिनिटांनी श्वास पूर्ण साठ सेकंद मोजायचे, हाक मारली की डोळे उघडतो का पाहायचं, मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं नॅलॉक्सोन ट्रेमध्ये तयार ठेवायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय लहान मुलांत फसवते, त्यांचा श्वास सारख्या लयीत चालत नाही. आणि पहिल्या डोसबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू करायचं, हे हमखास राहून जातं.

ऊब मात्र कुठल्याही कुलपात नसते. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघून. बर्फ कधीही नाही. मुरगळलेल्या पायाला बर्फ लावायची सवय हातात इतकी भिनलेली असते की नव्या सिस्टर हमखास ही चूक करतात, आणि थंडीनं आखडलेल्या शिरेत पेशी आणखी अडकतात.

सलाईनचा हिशेब वेगळाच. पहिल्या 10 किलोंना किलोमागे 100 मिलिलिटर, पुढच्या 10 ना 50. म्हणजे 18 किलोला 1000 अधिक 400, चोवीस तासांत 1400, तासाला सुमारे 58. मायक्रोड्रिप सेटमध्ये 60 थेंबांचं एक मिलिलिटर होतं, म्हणून तासाला जितकं मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब. 58 थेंब, घड्याळ डोळ्यांसमोर धरून. रात्री दोन वाजता डोकं चालत नाही तेव्हा हा एवढा सरळ हिशेब देवासारखा वाटतो. पण त्यात मुलानं तोंडानं प्यायलेलं धरायचं असतं. ‘सिकलसेल आहे, भरपूर पाणी द्या’ एवढंच लक्षात ठेवून दुप्पट सलाईन सोडलं की ते फुप्फुसात उतरतं. म्हणून मधे ब्युरेट लावायचा, त्यात एका वेळी दोन तासांपुरतंच भरायचं. थेंबाची चकती सैल झाली, पोरानं हात वाकवला, मग ती सरळ करताना धार सुटली, तरी ब्युरेटात आहे तेवढंच जाईल. ज्या वॉर्डात पंप नाहीत तिथे हा शंभर-दीडशे मिलिलिटरचा प्लास्टिकचा नळा रात्रभर जागी राहणारी दुसरी सिस्टरच असतो.

आणि फुप्फुसाची भीती याच रात्रीची नाही, दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीची.

बरगडी दुखते, म्हणून मूल वरवर श्वास घेतं. वरवरच्या श्वासानं फुप्फुसाचा खालचा भाग मिटून बसतो. तिथे प्राणवायू कमी पडतो, तिथल्या पेशी वाकतात, अडकतात, आणि पायाच्या दुखण्यासाठी दाखल झालेलं मूल तिसऱ्या दिवशी ताप, खोकला आणि छातीच्या दुखण्यानं निळं पडू लागतं. हा या आजारातला सर्वांत मोठा दगा. तो टाळायचा मार्ग फार स्वस्त आहे. तीन चेंडूंचं ते पारदर्शक यंत्र, ज्यावर 600, 900, 1200 असे आकडे असतात, ते जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा. चूक हीच होते की मूल फुंकतं. यंत्र पाहिलं की फुंकावंसंच वाटतं, आई पण ‘फुंक, फुंक’ म्हणते. चेंडू ओढल्यावर वर जातात, फुंकल्यावर नाही. ‘स्ट्रॉनं सरबत ओढतोस तसं ओढ, आणि तीन मोजेपर्यंत चेंडू वर धरून ठेव’ असं सांगायचं. मोठ्या माणसांना लाजवील अशा चिकाटीनं मग पोरं दुसरा चेंडू उचलायला बघतात. पाच वर्षांखालच्यांना साबणाचे फुगे किंवा कागदाची भिंगरी, त्यांनी फुंकण्याआधी घेतलेला दीर्घ श्वासच आपल्याला हवा असतो. पण या सगळ्याच्या अर्धा तास आधी वेदनाशामक गेलेलं असायला हवं. दुखत असताना कोण खोल श्वास घेईल? कागदावरचं शून्य इथे येऊन अंगाशी येतं. शून्य लिहिलं, औषध लांबलं, औषध लांबलं म्हणून श्वास आखडला.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर किती विसंबावं हाही प्रश्नच. गार पडलेलं बोट, हलणारा हात, बहिणीनं हौसेनं लावलेलं नेलपॉलिश, सगळं त्याला चकवतं. सावळ्या कातडीवर तो आकडा थोडा चढाच दाखवतो. म्हणून आकड्याबरोबर नाकपुड्या, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, आणि वाक्य पूर्ण बोलतो की मधेच थांबतो, हे पाहायचं. त्या यंत्राआधीही मुलं तपासली जात होती.

या आजारातलं रक्त हाडांत, फुप्फुसात, मेंदूत आणि प्लीहेत, अशा चार ठिकाणी लपून वार करतं, आणि नर्सला चारही ठिकाणी एकाच वेळी उभं राहावं लागतं. मेंदूचं सांगतो. पाण्याचा पेला हातातून सुटला, ओठ एका बाजूला झुकला, ‘आई’ म्हणताना अक्षर अडलं, किंवा चालत संडासला गेलेला परत येताना एक पाय ओढत आला. दोन ते नऊ वर्षांच्या मुलाला पक्षाघात होईल हे मनातच येत नाही, म्हणून ‘पाय दुखत असेल’ असं म्हणून सकाळपर्यंत थांबलं जातं. मॉर्फिन दिलेलं मूल सुस्त असतं, पण दोन्ही बाजूंनी सारखंच सुस्त. म्हणून दोन्ही हातांची दोन-दोन बोटं त्याच्या मुठींत द्यायची आणि एकदमच दाबायला सांगायचं. एकेक हात तपासला तर फरक निसटतो. एक मूठ सैल वाटली की वेळ लिहायची, कुशीवर निजवायचं, तोंडानं पाणीसुद्धा नाही, साखर आणि ऑक्सिजन तपासायचं आणि हाक मारायची. पाणी द्यायला आईचा हात आधी पुढे होतो, तो धरावा लागतो. रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन 30 टक्क्यांखाली आणायचं ते मोठ्या रुग्णालयात, आणि गाडी निघायची वेळ ठरते या मुठीवर. जे पक्षाघात बाहेरून दिसतच नाहीत त्यांचं आणखी वाईट. पूर्वी बेरजा करणारं पोर चुकू लागतं, मास्तर आळशी म्हणतात.

प्लीहेची जबाबदारी मात्र आईवर सोपवता येते, आणि सोपवावीच. दोन-तीन वर्षांखालच्या मुलात प्लीहा काही तासांत रक्त गिळून फुगते, मूल पांढरं पडतं आणि जातं. आईला डाव्या बरगडीखाली बोटांची पेरं सपाट ठेवून चाचपायला शिकवायचं. आइसक्रीमच्या लाकडी काडीचं एक टोक बरगडीच्या कडेला ठेवून प्लीहेच्या खालच्या कडेपाशी पेनानं खूण करायची. ती काडी कार्डाला चिकटवून घरी. खुणेच्या पुढे गेली की निघायचं, उजाडायची वाट पाहायची नाही. पोळीची कणीक मऊ की घट्ट हे बोटांनी सांगणाऱ्या बाईला हे शिकायला दोन दिवसही लागत नाहीत. याच मुलाला रक्त द्यायची वेळ आली तर हात आखडता ठेवावा लागतो. प्लीहा ढिली पडली की गिळलेलं रक्त परत सोडते आणि दिलेल्या रक्तात त्याची भर पडते. हिमोग्लोबिन 10 च्या वर गेलं की सिकल रक्त काकवीसारखं दाट होतं. आणि महिनोन् महिने 5 हिमोग्लोबिनवर धावलेलं हृदय आधीच फुगलेलं असतं, त्याच्यावर घाईनं पिशवी ओतली की ते दमतं. 18 किलोला 180 मिलिलिटर, चार तासांत, तासाला 45, रक्ताच्या सेटच्या मोठ्या थेंबांनी मिनिटाला 15. पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलायचं नाही. त्या सेटमधून साध्या सलाईनशिवाय दुसरं काही जाऊ द्यायचं नाही.

घरी जाताना काय सांगायचं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे दोनच गोष्टी. हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे दुखण्याच्या खेपा कमी करणारी कॅप्सूल, पहिले तीन महिने काहीच करत नाही असं वाटतं, आणि तिथेच घरचे ती सोडतात. कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची, मूल 18 किलोचं, मग एक दिवसाआड का रोज, पाण्यात विरघळवून किती, हे फार्मसीतून लिहून घेतलेलं बरं. पोटुशी बाईनं ती उघडू नये. दुसरं, शाळेत मिळणारी लोहाची गुलाबी गोळी. ॲनिमिया म्हटलं की लोह, असं सगळ्यांना पाठ आहे. इथे लोह कमी नाही, पेशीच टिकत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय ती गोळी नको. मास्तरांना हे आईनं सांगितलेलं पटत नाही, दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलेलं पटतं.

तर तो कागद. 8:10 ला आठ. 8:25 ला मॉर्फिन 1.8 मिलिग्रॅम, दोन सह्या. 8:40, श्वास 24, हाकेला डोळे उघडतो. 9:00, तीन चिंचोके. असं खरंच लिहिलंय, ‘चार पैकी तीन’, आणि कंसात त्याचा दहापैकी हिशेब. 9:30, दोन. पुढे पहाटेपर्यंत श्वास, ऑक्सिजन, ब्युरेट भरल्याच्या वेळा. तीन वाजता आणखी एक नोंद आहे. झोपलेल्या मुलाच्या वेदनेच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य टाकतात, तिनंही आधी तेच टाकलेलं दिसतं. टॉर्च खाली वळवून, पांघरुणावर हात ठेवून ती श्वास मोजत होती. पोरगं भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटलेले, आई खाली चटईवर घोरत पडलेली. चाळिसाव्या सेकंदाला त्यानं डोळे न उघडताच म्हटलं, ‘झोपलो नाही मी.’

शून्य खोडलंय. बाजूला 4.